मावशींची साक्ष

कुणाला पटायचं नाही, पण शिवणवाल्या मावशींच्या वाट्याला आली तशी भांडकुदळ सून साऱ्या पृथ्वीवर दुसरी नसेल.

दर रविवारी चर्चमधली उपासना संपली, की पाळकीणबाई, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नी, महिलांना मागच्या खोलीत गोल करून बसवत. आठवड्यात आपण कुठे राग गिळून गोड बोललो, याची साक्ष एकेकीनं द्यायची. जिच्याकडे सांगण्यासारखं काही नसे, तिला वगळून पुढचीकडे वळत. मावशींना वगळायची वेळ कधी आली नाही. सुनेनं कधी शिलाई मशीनचा पट्टा कापलेला असे, कधी धुतलेले कपडे चिखलात लोळवलेले.

"काल तर तापलेली इस्त्री उगारली माझ्यावर," मावशी म्हणाल्या. "मी म्हटलं, अगं बाळ, हात भाजेल तुझा, आधी बटण बंद कर."

बायका खुदखुदल्या. नव्यानंच येऊ लागलेल्या पोस्टातल्या बाईला मात्र राहवलं नाही.

"पण मावशी, तुमची सून तर चार वर्षांपूर्वीच घर सोडून गेली. तुम्ही तिला धाडलेली पत्रं परत येतात, ती मीच टाकते की तुमच्या दारात."


मावशींनी हळूच वर पाहिलं. एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.