पायऱ्यांवरचा पेशंट

"पेशंट कोण?" कुसुमताईंनी विचारलं.

"पेशंट नाहीये काकू, आंदोलन आहे," आमदारांचा कार्यकर्ता राजस म्हणाला. "उद्या मुंबईला, विधान भवनाच्या पायऱ्यांवर. एक स्ट्रेचर आणि सलाइनचा स्टँड द्या. परवा आणून देतो, प्रॉमिस."

शनिवार पेठेतल्या त्या रुग्णसाहित्य केंद्रातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय साधी कुबडीसुद्धा बाहेर जात नसे. पण राजसच्या मागोमाग आमदार विश्वजीत स्वतःच आत आले. कुसुमताईंना वाकून नमस्कार केला आणि कोपऱ्यात व्हीलचेअरवर बसलेल्या त्यांच्या यजमानांकडे वळले.

"काय शरच्चंद्रकाका, बरं आहे ना?"

काकांनी डावा हात जरासा उचलला. उजवी बाजू आणि वाचा एकाच सकाळी गेली होती. त्या सकाळी दोन दवाखान्यांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्याने आत घेतलं, तोवर उशीर झाला होता.

"काकांनाही नेऊ या म्हणतो," विश्वजीत म्हणाले. "एसी गाडी आहे. खरा पेशंट दिसला की चॅनेलवाले थांबतात."

"म्हणजे आपलं विधेयक येतंय उद्या?" कुसुमताई खुर्चीतून उठल्याच. पेशंटला दारातून परत पाठवायचं नाही, असा कायदा व्हावा म्हणून याच आमदारांच्या ऑफिसातला बाक त्यांनी झिजवला होता. "मग मीही येते. घोषणा काय द्यायच्या?"

राजसने मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"काकू, जरा वेगळं आहे," विश्वजीत म्हणाले. "विधेयक सरकार आणतंय. आपला विरोध आहे. उद्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस. बाहेर आंदोलन, आत गोंधळ. कामकाज तहकूब झालं की विषय संपला."

"अहो, पण हे तर तुम्हीच मांडणार होतात!"

"होतो ना. तेव्हा आपलं सरकार होतं."

"मग आता त्यांनी काही बदललंय का त्यात?"

"छे, अक्षरही नाही. चांगलंच आहे हो विधेयक. पण ते त्यांच्या हातून नको. आपण निवडणुकीत काय सांगायचं मग? आपलं सरकार आलं की पहिल्याच अधिवेशनात आणतो. शब्द आहे माझा."

"आणि तोवर?"

"तोवर थोडी कळ काढायची. स्ट्रॅटेजी असते काकू."

कुसुमताईंनी काकांकडे पाहिलं. काका आमदारांकडे बघत होते, पापणी न हलवता.

"हे येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "स्ट्रेचर न्या. पण आधी त्यावर झोपा."

"मी?"

त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'चाचणी घेतल्याशिवाय साहित्य मिळणार नाही. वाद घालू नये.'

"राजस काडीपैलवान आहे. भार पेलतो की नाही ते कळायला तुमच्यासारखं कुणीतरी हवं."

विश्वजीत हसत हसत आडवे झाले. राजसने व्हिडिओ सुरू केला. कुसुमताईंनी छातीवरचा पट्टा दोन्ही हातांवरून घेतला आणि आवळला. मग पायांवरचा. चाकं बघायची म्हणून स्ट्रेचर ढकलत उंबऱ्याबाहेर फुटपाथवर नेला. राजस मोबाइल धरून मागोमाग गेला. त्या एकट्याच आत आल्या आणि त्यांनी शटर खाली ओढलं.

"काकू? ओ काकू, पट्टा सोडा ना!"

"आमच्याकडे बेड नाही," त्या आतून म्हणाल्या. "पुढे न्या."

"ही काय चेष्टा आहे? राजस, सोड रे!"

राजस झटापट करत होता. त्या जुन्या बकलाची खोड त्याला ठाऊक नव्हती.

"डॉक्टरही नाहीत आत्ता. पुढे न्या म्हटलं ना!" आवाज चिरकला तरी त्या थांबल्या नाहीत. "दारात गर्दी करू नका!"

बाहेर माणसं जमू लागली. कुणीतरी विचारलं, "काय झालंय हो यांना? आत घेत नाहीयेत का?"

शटर नेहमीसारखं वीतभर वर अडकलं होतं. फटीतून स्ट्रेचरची चाकं दिसत होती. कुसुमताई वाकायला गेल्या आणि अर्ध्यावरच थांबल्या.

शरच्चंद्रांनी डाव्या पायाने रेटत रेटत व्हीलचेअर दारापाशी आणली, डावा हात खाली नेला आणि शटर जमिनीला टेकवलं.