चौपट

"कॉन्सन्ट्रेशन दुप्पट केल्यावर रिअॅक्शनचा रेट दोनवरून आठवर गेलाय सर, म्हणजे चौपट. दोनाचा वर्ग चार, म्हणून ऑर्डर दोन," खडू खाली ठेवत निकिता म्हणाली.

बिराजदार सरांनी हातातल्या पुस्तकात पाहिलं. तिथं उत्तर 'ऑर्डर एक' असं होतं. "दोन? आणि ही म्हणे डॉक्टर होणार!" क्लासमधली सगळी मुलं खदखदून हसली.

"पण सर, फळ्यावर आठच लिहिलंय..."

"आता मला शिकवतेस? उद्यापासून ब बॅचला बसायचं." ब बॅचला सर स्वतः कधीच शिकवत नसत. तिथून कुणाचा मेडिकलला नंबर लागल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं.

निकितानं पहिल्या बाकावरचं दप्तर उचललं आणि डोळे पुसत ती दाराकडे निघाली. तिची पाठ वळल्यावर सरांनी पुन्हा पुस्तक पाहिलं, मग फळा. पुस्तकात आठच्या जागी चार होता. लिहिताना त्यांचीच चूक झाली होती. त्यांनी अंगठ्यानं आठ पुसला आणि तिथं चार लिहिला. वर्ग अजून हसत होता.

दुसऱ्या बाकावरच्या प्रांजलनं मात्र ते पाहिलं. ती आणि निकिता एकाच खोलीत राहायच्या, एकाच डब्यात जेवायच्या. तिनं हात वर केला.

"काय गं?" सरांचा आवाज किंचित चाचरला. दारात निकिता थांबली. प्रांजलकडे पाहून तिच्या चेहऱ्यावर जरा आशा आली.

प्रांजल उभी राहिली. "सर, तिच्या जागेवर मी बसू?"