भूकंपाला दिलेली खोली

"एक खोली बिनवापराची हवी, आई. भूकंप आला की या नव्या यंत्रणेमुळे इमारत सगळा धक्का त्याच खोलीकडे वळवते. तिथल्या तुळया वाकतात आणि बाकीचं घर शाबूत राहतं," वैजयंती म्हणाली. पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर असलेली ती सध्या चिपळुणात घरोघर हेच समजावत फिरत होती. आज आईवडिलांच्या घराची पाळी होती.

"मग स्वयंपाकघर दे," आई म्हणाली.

"तिथं तू दिवसभर असतेस."

"माझी पेट्या दुरुस्त करायची खोली घे," बाबा म्हणाले. गावातल्या हार्मोनियम त्यांच्याकडेच यायच्या.

"तिथं तुम्ही असता. माझी खोली बंदच असते की."

शेवटी वैजयंतीनं स्वतःच टॅबवरच्या घराच्या नकाशात आपली खोली निवडली, तशी आई उठून आत गेली.

उन्हाळ्यात एका दुपारी जमीन हलली. वैजयंती पुण्याहून धावत आली. घरात साधा पेलासुद्धा पडला नव्हता. तिच्या खोलीचं छत मात्र पलंगावर टेकलं होतं. सगळं अगदी गणिताप्रमाणे झालं होतं, तरी तिला दारातून हलवेना.

"ही खोली आहे तोवर तू राहायला येशील, असं वाटायचं," बाबा हळूच म्हणाले.

"बाबा, गावातली प्रत्येक इमारत तपासायचीय. पावसाळ्यापर्यंत इथंच आहे मी. हॉलमध्ये झोपेन."

"हॉलमध्ये कशाला? आमच्या खोलीत झोप," म्हणत आईनं कपाटातून जादाची गादी ओढायला घेतली.