कोकराचा कान

सिनेमातून ओगमुंदुरला जे मिळायचं ते मागच्या उन्हाळ्यातच मिळून चुकलं होतं. शहरात गेलेली त्याची मुलगी, थोरा, आपला सिनेमा काढायला आली, गवताची कापणी उरकेपर्यंत घरी राहिली, त्याच्या स्वयंपाकघरात जेवली, आणि तिच्याबरोबर आलेल्या पोरापोरींनी गवत ओढायला हातही लावला, वाकडातिकडा का होईना. आता रविवारच्या दुपारी खोऱ्यातल्या सभागृहाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून तोच सिनेमा सगळ्यांना दाखवायचा, यात त्याला नवीन मिळण्यासारखं काही नव्हतं. गेलंच तर नाव जाणार होतं. म्हणून तो पहिल्या रांगेत, कोटाची बटणं लावून, पाहुण्यासारखा बसला होता.

पडद्यावर खोऱ्याच्या टोकाचं शेत होतं, जिथे रस्ता संपतो आणि डोंगर सुरू होतो. तिथे वाढणारी एक मुलगी होती. तिचा बाप होता. बापाचं काम करणाऱ्या नटाच्या अंगात ओगमुंदुरचाच लोकरी स्वेटर होता, त्यामुळे बाप कोण याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

"हा तुझ्यापेक्षा देखणा आहे रे," मागून कोल्बेन म्हणाला. खोऱ्यात कुणाचं काय चुकलं हे सर्वांत आधी त्याला दिसायचं.

"तुझ्यापेक्षा तर माझा मेंढाही देखणा आहे," रानव्हेग म्हणाली. ही खालच्या शेतावरची, ओगमुंदुरची एकमेव शेजारीण.

लोक हसले आणि मग हळूहळू गप्प झाले. थोरानं काम चोख केलं होतं, यात वाद नव्हता. सगळं घर तिनं लहान मुलीच्या उंचीवरून दाखवलं होतं. टेबलाची खालची बाजू, चुलीपाशी वाळत पडलेले बापाचे बूट. काचेवरच्या बर्फाला तोंडाच्या वाफेनं भोक पाडून मुलगी बापाची वाट बघत होती. आपले बूट कुणाला एवढे मोठे दिसत होते, हे ओगमुंदुरला आज कळलं. त्यानं कोटाचं वरचं बटण सोडलं.

मग धुक्यातून बाप आला. जाकिटात कोकरू होतं. "घे," तो मुलीला म्हणाला. "आपलं आहे. आजपासून तुझं."

मुलीनं कोकराच्या कानाला गाल लावला. कानातून उजेड आरपार जात होता, एकेक शीर दिसत होती. सगळा पडदा त्या कानानं भरला. शहरात या दृश्याला लोक रडले असते.

इथे सभागृहाचा श्वास अडकला. उन्हाळाभर सगळ्यांच्या मेंढ्या डोंगरावर एकत्र चरतात आणि शरदात कान बघून ज्याच्या त्याला मिळतात. दर घराची कानाला चीर देण्याची रीत ठरलेली, आज्या-पणज्यापासूनची. ओगमुंदुरची टोकाला एक चीर. पडद्यावरच्या कानाला मागच्या कडेला दोन खाचा होत्या.

"अरे ओगमुंदुर," कोल्बेन अंधारात म्हणाला, "कान तर रानव्हेगचा दिसतोय! कधी उचललंस?"

या वेळचं हसू निराळं होतं. मेंढीचोर हा शब्द इथे माणसाला चिकटत नाही, घराला चिकटतो. नातवंडांनासुद्धा त्याच नावानं हाक पडते.

थोरा सिनेमाच्या यंत्रापाशी उभी होती. ती पुढे येऊन बापाच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, का हसतायत?"

तिला अजून दिसलं नव्हतं. सिनेमा काढताना बापाच्या मेंढ्या डोंगरावर होत्या, म्हणून तिच्याबरोबरच्या कुणीतरी बाटलीच्या दुधावर वाढवलेलं कोकरू शेजारून, रानव्हेगकडून, आणलं, आणि अर्धा दिवस त्याच्या कानावर उजेड धरून तिनं उजेडच पाहिला.

एका वाक्यात काम झालं असतं. उसनं आणलंय, पोरगी घरची खूण विसरली. ओगमुंदुर धुतल्या तांदळासारखा ठरला असता आणि सिनेमा तिथेच संपला असता. जिला घरचा कान ओळखता येत नाही, तिचं कसलं आलंय त्या घरातलं बालपण? एक तर बाप चोर. नाहीतर मुलगी परकी. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"बोल की!" कोल्बेन म्हणाला.

"तो काय बोलणार?" रानव्हेग उठली. तिच्या डोक्याची सावली पडद्यावर पडली. "ते कोकरू मी दिलंय थोराला. भेट. दिलेल्या कोकराचे कान कुणी शिवून देतं का?"

"दिलंस? मग परवा मोठी झालेली ती मेंढी तुझ्याच कुरणात कशी गं दिसली मला?"

"न्यायला आले नाहीत म्हणून. आज नेतील. आता गप बसतोस, का तोंडात सुका मासा कोंबू?"

आता लोक कोल्बेनला हसले. सिनेमा पुढे चालू राहिला. संपला तेव्हा टाळ्या थांबेनात. एकट्या ओगमुंदुरनं वाजवल्या नाहीत.

ऊन असतानाच तिघं रानव्हेगच्या कुरणाशी उभे राहिले. कळपात सर्वांत आधी घरी परतणारी, पुढची पैदास जिच्यावर धरायची म्हणून राखलेली ती मेंढी रानव्हेगनं स्वतः उचलून ओगमुंदुरच्या गाडीत चढवली. थोरानं कानाच्या खाचांवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा उतरला.

"रानव्हेग, मला दिसलंच नाही गं. हिला ठेव. कुणाला कळणार आहे?"

"सगळ्यांसमोर दिलीय. सिनेमा चांगलाय तुझा. ते बूट फार चांगले." तिनं गाडीचं फळकूट लावलं.

ओगमुंदुरनं टोपी काढली. बरंच काही बोलायचं होतं. "चांगली मेंढी आहे," तो म्हणाला.

"मला सांगतोस?" रानव्हेग म्हणाली.

गाडी खोऱ्याच्या टोकाकडे गेली. थोराला टाळ्या मिळाल्या, ओगमुंदुरचं नाव राहिलं, कोल्बेनलासुद्धा हिवाळाभर पुरेल एवढी गोष्ट मिळाली. सगळ्या सिनेमात रानव्हेग कुठेच नव्हती. तिची एक मेंढी तेवढी होती, तीही आता तिची नव्हती.