भुवईवरचा व्रण

आजोबांच्या पुण्यस्मरणाला जंगम स्वामी येऊन बसले, तरी सुकन्या हातातला मोबाइल खाली ठेवेना. एकदा त्यात बघायची, एकदा भिंतीवरच्या आजोबांच्या रंगवलेल्या तसबिरीकडे. त्याच भरघोस गालमिशा, तेच करडे डोळे, डाव्या भुवईवर तोच आडवा व्रण. फक्त मोबाइलमधल्या माणसाच्या छातीवर पदकं होती आणि भिंतीवरच्याच्या डोक्याला रुमाल.

रशियात डॉक्टरकी शिकणाऱ्या या पोरीनं तिथल्या एका संग्रहालयातल्या चित्राचा हा फोटो काढला होता. चित्राखाली लिहिलं होतं, काउंट ओबोल्निन, सेनापती. भुवईवर तलवारीचा वार. इकडे निलंग्यात मात्र तिचे वडील, अप्पा, आयुष्यभर सांगत आले, माझ्या वडिलांना बैलाचं शिंग लागलं. आता आजोबा रशियाला गेले होते, की हा साहेब निलंग्याला आला होता? तिचं डोकं चालेना. तसबीर रंगवणाऱ्या पेंटरनं अप्पांना चक्क फसवलं, एवढंच तिला सुचलं. आणि अप्पा तर या तसबिरीला विभूती लावल्याशिवाय चहाला तोंड लावत नसत. त्यांना सांगायचं कसं?

पण परक्या माणसाची पूजाही तिला बघवेना. तिनं अप्पांना स्वयंपाकघरात ओढलं आणि मोबाइल पुढे धरला.

सिद्धलिंगअप्पा बघतच राहिले. पेंटरचं नावही त्यांनी काढलं नाही.

"काय केलं गं ह्यानं?"

सुकन्या आणखीनच गोंधळली. "लढाई हरल्यावर राजानं परत बोलावलं, अप्पा. जखमी शिपायांना टाकून येणार नाही म्हणाला. जहागिरी गेली, हुद्दा गेला. त्यांच्यातच मेला."

"सोडून गेला न्हाई म्हण की." अप्पांचे डोळे भरून आले. "शाळंतल्या रशियन मासिकातनं मीच फाडलो हुतो हे चित्र. शेषेराव पेंटरला म्हणलो, रुमाल तेवढा घाल. आईला घेऊन इथं नवीन आल्तो. जो तो इचारायचा, बाप कुठं हाय? भिंतीवर कुणीतरी पायजे हुतं बाळ."

बाहेरून स्वामींनी हाक मारली. अप्पांनी डोळे पुसले, बाहेर जाऊन विभूती घेतली आणि काउंटच्या कपाळावर तीन बोटं नेहमीसारखीच ओढली. आज जरा जास्तच मायेनं.

सुकन्या त्यांच्या कानाशी वाकली. "मग आजोबा खरे कधी वारले, अप्पा?"

"वारले कुठं? बिदरला हायत, दुसरा संसार मांडून."