कंपनीचा शर्ट

ब्याऐंशी साली भीमराजनं कंपनीतली नोकरी सोडून काळेवाडीतल्या घरावर पाटी ठोकली: 'दवाखान्यांसाठी कॉम्प्युटर सल्लागार'. पेशंटचे जुने आजार बटण दाबताच डॉक्टरांना दिसतील, हे तो आईला समजावून थकला. "डॉक्टरला नाडी कळती की, कॉम्प्युटर कशाला?" असं कुरकुरत सोजरबाई रोज तांब्यात निखारे घालून त्याच्या कंपनीच्या शर्टाला इस्त्री करायची. दोन महिन्यांत एकही डॉक्टर फिरकला नव्हता. एके सकाळी कंपनीची बस दाराशी थांबली आणि शेजारचा विलास खिडकीतून ओरडला, "साहेब परत घेतायत तुला, राव! फक्त सगळ्यांसमोर पाय धर म्हणालेत." "नाही धरत म्हणून सांग!" भीमराज गरजला, पण तेवढ्यात आई शर्ट घेऊन बाहेर आली. तिनं शर्टाचा बोळा करून धुळकट पाटी खसाखसा पुसली आणि विलासला बजावलं, "साहेबाला सांग, फडकं झकास झालंय!"