यादीतलं दुसरं नाव

‘मुलं दाराशी आली की हातातलं काम बाजूला ठेवावं,’ एवढं सुकदेवने लिहिलं आणि दार वाजलं. बाहेर सहा वर्षांचा किरण होता. बायबलमधलं नवं वचन त्याला पाठ झालं होतं आणि ते पप्पांना म्हणून दाखवायचं होतं. सुकदेवने आतूनच, नंतर ये, म्हणून सांगितलं आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

येत्या रविवारी धुळ्याच्या चर्चमध्ये, तिथल्या मंडळीसमोर त्याला बोलायचं होतं. विषय होता, घरात मुलांना विश्वासात कसं वाढवावं. असं बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. पिंप्राळ्यातल्या ओळखीच्या प्रत्येकाला त्याने ते काहीतरी निमित्त काढून सांगून टाकलं होतं. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी सातला कौटुंबिक प्रार्थना व्हायची. पण ऑफिसातून आल्यावर लिहायला वेळ मिळायचा तोही सातलाच. म्हणून आठ दिवस प्रार्थना बंद. नूतनने दोनदा विचारलं. हेही प्रभूचंच काम आहे, असं त्याने बायकोला समजावलं आणि वाक्य आवडलं म्हणून भाषणातही घातलं.

शनिवारी भाषण पुरं झालं. अकरा पानं. घरच्यांना वाचून दाखवावीत म्हणून तो बाहेर आला. स्वयंपाकघरात नूतन आणि मुलं चटईवर बसली होती. प्रार्थना बंद नव्हतीच, तो तेवढा नव्हता. नऊ वर्षांची मेघा वहीत बघून एकेका नावासाठी मागत होती. आजारी माणसं झाली, परीक्षेची मुलं झाली. मग ती म्हणाली, “प्रभू, जे तुझ्यापासून लांब गेलेत त्यांना परत आण. जीवरामकाकांना आण. आणि पप्पांना आण.”

जीवराम हा सुकदेवचा भाऊ. बारा वर्षांत तो चर्चची पायरी चढला नव्हता.

सुकदेवला आधी राग आला. मग हसू आलं, आणि मग तेही गेलं. पानं ओट्यावर ठेवून तो किरणच्या मागे बसला आणि सगळ्यांबरोबर आमेन म्हणाला. मेघाने वळून पाहिलं, पण वहीतलं नाव लगेच काही खोडलं नाही.

धुळ्यात त्याने पानं पिशवीतून काढलीच नाहीत. घडलं ते सांगितलं आणि स्वतःचं हसं करून घेतलं. लोक मनापासून हसले, नूतनसुद्धा.

उपासना संपल्यावर प्रेमराजभाऊ त्याच्याजवळ आले. सत्तरी ओलांडलेले, मुलांना कडक शिस्तीत वाढवलं म्हणून मंडळीत नावाजलेले. त्यांची दोन्ही मुलं आता पुण्याला होती. त्यांनी सुकदेवचा हात बराच वेळ धरून ठेवला.

“मी पोरांना पाठ केलेलंच म्हणायला लावलं,” ते म्हणाले. “त्यांनी प्रार्थनेत माझं नाव कधी घेतलं असेल का, ते आज फोन करून विचारतो.”